एका पगारावरचं शहर

तुरिनच्या पोर्टा नुओव्हा स्थानकावरून मेट्रोने दक्षिणेला निघालं की थोड्याच वेळात लिंगोत्तो येतं. व्हिया निझ्झा रस्त्याला लागून अर्ध्या किलोमीटरहून लांब, पाच मजली इमारत पसरली आहे. १९२३ मध्ये उद्घाटन झालेल्या फियाटच्या या कारखान्यात कच्चा माल तळमजल्यावर शिरायचा, मजल्यागणिक गाडी आकार घ्यायची आणि तयार झाल्यावर गच्चीवरच्या धावपट्टीवर चाचणीला यायची. १९८२ मध्ये कारखाना बंद झाला. आज आत मॉल, हॉटेल, सभागृह आणि कलादालन आहे, तर धावपट्टीवर बाग फुलवली आहे. वास्तुकार रेन्झो पियानो यांनी इमारतीला दुसरा जन्म दिला यात वाद नाही. शहराचंही तसंच झालं, असं मात्र म्हणता येत नाही.

तुरिनने पहिली नोकरी गमावली ती १८६५ मध्ये. एकीकृत इटलीची राजधानी फ्लॉरेन्सला हलली आणि दरबार, खाती, अधिकारी निघून गेले. ती पोकळी उद्योगांनी भरली. १८९९ मध्ये फियाट आली. १९५१ ते १९७१ या वीस वर्षांत लोकसंख्या सव्वासात लाखांच्या आसपासवरून साडेअकरा लाखांपुढे गेली. दक्षिण इटलीतून गाड्या भरभरून माणसं आली, आणि त्यांना घर भाड्याने मिळणार नाही अशा पाट्याही लागल्या. माझ्या मते शहराचं खरं नुकसान या भरभराटीतच दडलं होतं. पगार एकाच दारातून येत होता, म्हणून दुसरं दार उघडायची गरज कुणाला वाटली नाही. फियाटमधल्या १९८० च्या नोकरकपातीने ते दार अर्धं मिटलं. आज लोकसंख्या साडेआठ लाखांच्या घरात आहे.

यावर कुणी म्हणेल, तुरिनचं डेट्रॉइट तर झालं नाही! खरंय. पण सावरायला हात दिला तो राजवाड्यांनी, १८२४ च्या इजिप्शियन संग्रहालयाने, जुन्या तंत्रशिक्षणाने. म्हणजे मोटारीच्या आधीच्या तुरिनने. २००६ च्या हिवाळी ऑलिंपिकने त्यावर रंग चढवला, एवढंच. याउलट आपल्या मुंबईतल्या कुर्ल्याचं बघा. फियाटच्या परवान्यावर तिथे निघणारी पद्मिनी मोटार दोन हजार सालाच्या सुमारास थांबली, कामगारांची घरं हादरली, पण मुंबई हलली नाही. तिचं पोट त्या एका फाटकावर नव्हतं. तुरिनमधल्या फियाटच्या मिराफियोरी कारखान्यात आजही गाड्या बनतात, पण मागणी घटल्याने २०२४ मध्ये विजेवरच्या ‘५००’ची लाइन वारंवार बंद ठेवावी लागली. कंपनीची कायदेशीर नोंदणी तर दहा वर्षं आधीच नेदरलँड्सला गेली होती.