भट्टी डोलत नव्हती

"साहेब, भट्टी डोलतेय," मामा म्हणाले. पडद्यावर तापमान ८५० अंशांच्या आसपास वर-खाली होत होतं. सहा अंशांची लाट, वीसेक सेकंदांत एक हेलकावा. कंट्रोलरचा प्रोग्रॅम माझा, त्यामुळे चूकही माझीच असं धरून मी दोन दिवस ट्यूनिंग करत बसलो. गेन उतरवला, इंटिग्रल ढिला केला. लाट कधी लांबायची, कधी आखडायची, पण जाईना. मग दहा-दहा रीडिंगांची सरासरी काढली. ढिम्म फरक नाही.

तिसऱ्या दिवशी मामांनीच विचारलं, "एवढ्या विटा वीस सेकंदांत तापून गार कशा होतील हो?" आम्ही हीटर बंद केला. तापमान हळूहळू उतरू लागलं आणि उतरतानाही डोलत राहिलं. भट्टी बिचारी शांत होती. माझं बघणंच चुकत होतं.

डिजिटल कंट्रोलर सतत बघत नाही. माझा सेकंदाला दहा वेळा डोळे उघडायचा. मधल्या शंभर मिलिसेकंदांत काय घडलं, हे त्याला ठाऊकच नसायचं. के टाइप थर्मोकपल ८५० अंशांना देतं जेमतेम पस्तीस मिलिव्होल्ट. त्याची वायर कुणीतरी ब्लोअरच्या केबलला बिलगून एकाच ट्रेमधून नेली होती, म्हणून विजेची गुणगुण तिच्यात शिरत होती. वीज नेमकी ५० हर्ट्झची असती, तर दोन नजरांमध्ये तिची बरोबर पाच आवर्तनं झाली असती. ४९.९५ला होतात ४.९९५. दर वेळी केसभर मागं. ही तूट साचून एक आवर्तन व्हायला दोनशे रीडिंग लागतात, म्हणजे वीस सेकंद! सिनेमात टांग्याची चाकं उलटी फिरताना दिसतात, त्याच जातीचा हा भास. आमच्या धंद्यात त्याला एलियासिंग म्हणतात. आपल्या ग्रिडला ४९.९० ते ५०.०५चा पट्टा नेमून दिलाय, आणि त्यात वारंवारता दिवसभर सरकत असते. तिच्यामुळे लाट लांबायची-आखडायची, आणि मी ते माझ्या ट्यूनिंगच्या खात्यावर जमा करत होतो.

मला धास्ती वाटते ती बरोबर ५०.००ची. तेव्हा लाट गोठते आणि दोन-तीन अंशांची स्थिर चूक होऊन बसते. ती मामांनाही दिसली नसती.

सिग्नलमधल्या सर्वांत वरच्या वारंवारतेच्या दुपटीहून जास्त वेगानं नमुने घ्या, हे शॅननच्या १९४९च्या लेखापासून पुस्तकापुस्तकात आहे. कॉलेजात आम्ही ते घोकलं, झेड-ट्रान्सफॉर्म सोडवले, ध्रुव एकक वर्तुळाच्या आत आहेत का ते तपासलं. पण भट्टी इतकी संथ, की सेकंदाला दहा नमुने म्हणजे चैन, असं मला वाटलं होतं. प्रमेयातल्या 'सिग्नल'मध्ये तारेतून येणारं सगळं धरायचं असतं, नकोसं असलेलंसुद्धा. आणि एकदा नमुना घेतला, की वीस सेकंदांची खरी लाट कोणती आणि खोटी कोणती, हे आकड्यांवरून कळायची सोय उरत नाही. गाळायचं ते आकडा होण्याआधी, तारेतच.

आम्ही वायर वेगळ्या ट्रेमधून नेली. इनपुटवर एक किलोओहमचा रेझिस्टर आणि शंभर मायक्रोफॅराडचा कपॅसिटर लावला. एवढ्यानं गुणगुण तिसाव्या हिश्श्यावर येते. ते पॅनल अजून चालू आहे. कपॅसिटरशेजारी मामांनी मार्करनं लिहून ठेवलंय: 'काढू नये.'