भारी पत्ते खाली ठेवताना

पोकरमध्ये भारी पत्ते टाकून देण्याची वेळ क्वचित येते, आणि आली तर बहुधा खोल स्टॅकच्या डावात. समोरच्या चकत्या बिग ब्लाइंडच्या, म्हणजे पत्ते वाटण्याआधीच्या सक्तीच्या मोठ्या पैजेच्या, शंभरपट असल्या तर डाव नेहमीचा. चारशेपट असल्या की तेच पत्ते निराळे दिसू लागतात.

बिग ब्लाइंड ₹100 धरू. हातात सत्त्यांची जोडी. टेबलावर राणी, दश्शी, सत्ती, चव्वी आणि दुर्री, आणि रंग जमण्याजोगे काही नाही. तीन सत्त्या झाल्या. दोघांनी प्रत्येकी ₹5,000 घातले आहेत आणि शेवटचा पत्ता उघडल्यावर समोरचा उरलेले सगळे पुढे सारतो. छोट्या जोड्या आणि निव्वळ थाप बाजूला ठेवल्या, तर त्याच्याकडे तीन राण्या किंवा तीन दश्श्या असण्याचे मिळून 6 प्रकार होतात, राणी-दश्शी या दोन जोड्यांचे 9.

सुरुवातीला प्रत्येकाकडे ₹10,000 असतील, तर ₹5,000 घालून ₹15,000 मिळवायचे असतात. चारांत एकदा जिंकले तरी पैसे सुटतात. आणि एवढ्या रकमेवर दोन जोड्यांवाला सहज चढतो, म्हणून सत्त्या पंधरापैकी नऊ वेळा जिंकतात. स्टॅक ₹40,000 चा असेल, तर ₹35,000 घालून ₹45,000 मिळवायचे; त्यासाठी जवळपास 44 टक्के वेळा जिंकावे लागते. दोन जोड्यांवर ₹35,000 लावायला मात्र फारसे कोणी धजत नाही. नऊपैकी तीनच प्रकारांत समोरच्याने ते धाडस केले, तर सत्त्यांच्या वाट्याला 33 टक्के येतात. तेव्हा पत्ते टाकावेत. आधी गेलेले ₹5,000 या हिशेबात आपले म्हणून कुठेच येत नाहीत, आणि मनाला नेमके हेच पटत नाही.

मराठ्यांच्या इतिहासात या निर्णयाच्या सर्वांत जवळचा प्रसंग इंदूरच्या गादीचा आहे. 1766 मध्ये मल्हारराव होळकर वारले, 1767 मध्ये नातू मालेरावही गेला. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी राघोबादादांना बोलावले, आणि दादा फौजेनिशी क्षिप्रेपर्यंत आले. पेशव्यांचे काका, अटकेपर्यंतच्या मोहिमेचे सेनापती, समोर मल्हाररावांची विधवा सून अहिल्याबाई. पत्ते भारीच होते.

अहिल्याबाईंनी तुकोजी होळकरांना नदीवर उभे केले, शेजारच्या सरदारांकडे मदत मागितली आणि दादांना निरोप धाडला. परंपरेने त्याचा आशय असा सांगितला जातो: मी हरले तर कोणी नावे ठेवणार नाही, तुम्ही बाईकडून हरलात तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. या एका निरोपाने दादांसाठी डाव खोल झाला. जिंकले तर एक दौलत, हरले तर हयातभराची अब्रू. शिवाय माधवराव पेशव्यांचा कौलही बाईंच्याच बाजूने होता. असा निरोप थाप म्हणून धाडणारे थोडेच, हे लढायांत मुरलेल्या दादांना कळले असावे. एवढी फौज इथवर आणल्याचा खर्च आणि शीण तर झालाच होता. तरीही आपण मालेरावाच्या दुखवट्याला आलो आहोत, असे त्यांनी कळवले. फौज मागे ठेवून ते मोजक्या माणसांनिशी इंदुरास गेले, पाहुणचार घेतला आणि परतले. होळकरांचा कारभार अहिल्याबाईंकडे राहिला, फौज तुकोजींकडे, आणि ही घडी 1795 पर्यंत टिकली.