हात आधी, थाप मागून

शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी ज्येष्ठात आमच्या रिसोडमधून पुढे सेनगावकडे, मराठवाड्यात उतरते. लहानपणापासून बघतोय. पांढऱ्या पोशाखातल्या रांगा, पताका, टाळ, मृदंग, आणि पावली खेळताना एकदम उचललेले शेकडो पाय. यंदा मात्र मी रस्त्याच्या कडेला उभा राहून त्या पायांकडे आणि टाळांकडे बघत राहिलो, आणि तेव्हापासून डोक्यात दुसरा विषयच नाही!

जरा हिशेब करून बघा. आवाज ऐकून हात हलवायला माणसाला सेकंदाचा साधारण सातवा हिस्सा लागतो. म्हणजे मृदंगाची थाप ऐकायची आणि मग टाळ मारायचा म्हटलं, तर प्रत्येक टाळ मागे पडायला हवा. त्यात सगळ्यांचा उशीर सारखा नसणार, म्हणजे नुसता खणखणाट व्हायला हवा. होत नाही! टाळ आणि थाप एकाच क्षणी पडतात. कसं काय?

सावलीला टेकलेल्या एका वयस्कर टाळकऱ्यांना विचारलं, "माउली, थाप ऐकून टाळ मारता का?" टाळाची दोरी बोटाला नीट गुंडाळत ते म्हणाले, "आयकून थोडंच वाजवतो माउली? पाय पडते तसा हात पडते."

घरी येऊन वाचायला बसलो आणि थक्क झालो. मानसशास्त्रज्ञ शंभर वर्षांहून अधिक काळ याच प्रश्नामागे आहेत. एकसारख्या ठोक्यांबरोबर बोट टेकवायला सांगितलं, की बहुतेकांचं बोट ठोक्याच्या किंचित आधीच टेकतं, सेकंदाच्या काही शतांशांनी. मुरलेल्या वादकांत ही तफावत कमी होते. म्हणजे मेंदू ठोक्याची वाट बघत बसतच नाही. पुढचा ठोका कधी येणार हे तो आधीच ठरवून मोकळा होतो! आणि ठरवतं कोण, तर शरीर हलवणारे मेंदूचे भाग. माणूस मेंदू तपासणाऱ्या यंत्रात निश्चल पडून नुसता ठेका ऐकत असला, तरी हे भाग जागे होतात. पाय पडते तसा हात पडते!

हे शिकवावं लागत असेल असं वाटत असेल तर हंगेरीतला 2009 चा प्रयोग बघा. दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ढोलाचा ठेका ऐकवला आणि मधूनच सम गाळली. बाळांच्या मेंदूने ती चूक पकडली. दोन दिवसांचं बाळ, तेही झोपेत!

आता दिंडीची लांबी लक्षात घ्या. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. मृदंगापासून 34 मीटर मागे चालणाऱ्याला थाप सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याने उशिरा ऐकू येते. कानावर विसंबला तर तो गेलाच. म्हणून मी मागच्या रांगांच्या नजरा टिपत राहिलो. पावली सुरू झाली की त्या पुढच्या माणसाच्या खांद्यावर आणि वर जाणाऱ्या टाळावर असतात. लय कानाइतकीच डोळ्यांतूनही मागे सरकते. पावली संथ ठेक्यावर सुरू करून मग चढवत नेतात, त्यामागेही शास्त्र असावं असं मला वाटतं. युरोपातल्या नाट्यगृहांतल्या टाळ्यांचा एक अभ्यास 2000 साली 'नेचर'मध्ये आला होता. प्रेक्षकांच्या टाळ्या एका ठेक्यात येतात तेव्हा प्रत्येक जण आपला वेग जवळजवळ निम्मा करतो, कारण संथ वेगात माणसांमाणसांतला फरक कमी होतो.

पण मला सगळ्यात जास्त हलवून गेलं ते वेगळंच. विल्यम मॅकनील हे अमेरिकन इतिहासकार 1941 मध्ये सैन्यात भरती झाले. टेक्सासच्या उन्हात तासन्‌तास निरर्थक कवायत करावी लागली, आणि तरी पावलाला पाऊल जुळलं की आपण मोठे होऊन सगळ्यांत मिसळलो असं त्यांना वाटे. त्यावर त्यांनी 1995 मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. पुढे कॅनडात 14 महिन्यांच्या बाळांना कडेवर घेऊन संगीताच्या तालावर झुलवलं. समोरची बाई त्याच तालात झुलत असेल, तर तिच्या हातून पडलेली वस्तू ती बाळं जास्त वेळा उचलून देत. एका लयीत हललो की समोरचा आपला वाटतो. ऊन, चिखल, फोड आलेले पाय सोसून अनोळखी माणसं महिनाभर एकमेकांना सांभाळत चालतात, त्यात श्रद्धा आहेच. पण टाळाचाही वाटा आहे, आणि तो मोठा आहे.

पुढच्या ज्येष्ठात पालखी आली की दर्शन घ्या, पण लगेच घरी वळू नका. दिंडीबरोबर शंभर पावलं तरी चाला, आणि तुमचा पाय ठेक्यात कधी पडायला लागतो ते बघा.