माया वाटून द्यायची

नैरोबी नॅशनल पार्कच्या कडेला शेल्ड्रिक वाइल्डलाइफ ट्रस्टचं हत्तींचं अनाथालय आहे. सकाळी अकराच्या सुमारास तिथे दोरीच्या अलीकडे माणसं दाटीवाटीनं उभी असतात. मसाई मारा बघून परतलेल्या या गर्दीत मराठी कुटुंबंही असतात. झाडीतून पिल्लं बाहेर पडतात ती धावतच, कारण दुधाची वेळ झालेली असते. हिरवा डगला घातलेला रखवालदार भलीमोठी बाटली तिरकी धरतो. पिल्लू सोंड वर वळवतं, डोळे अर्धवट मिटतं आणि बाटली बघता बघता रिकामी करतं. मग तांबड्या चिखलात मनसोक्त लोळण.

लोक हसतात, फोन वर होतात. पण ध्वनिक्षेपकावरून एकेकाची हकिकत सुरू झाली, की गर्दी गप्प होते. कुणी विहिरीत पडलेलं, कुणाची आई हस्तिदंतासाठी मारलेली, कुणाची उपासमारीनं गेलेली. केनियात २०२२ च्या दुष्काळात, फेब्रुवारी ते ऑक्टोबर या नऊ महिन्यांतच २०५ हत्ती दगावल्याची नोंद सरकारनं केली.

दोन वर्षांच्या आतलं पिल्लू दुधाशिवाय जगत नाही, आणि गाईचं दूध त्याला पचत नाही. या ट्रस्टच्या संस्थापक डॅफ्नी शेल्ड्रिक यांनी दुधाचं योग्य मिश्रण शोधण्यात अनेक वर्षं घालवली. त्या काळात कितीतरी पिल्लं त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. शेवटी उपयोगी पडलं ते खोबरेल तेल! तान्ह्या मुलांच्या पावडरच्या दुधात ते मिसळलं आणि पिल्लाला मानवलं. आयशा नावाची तान्ही हत्तीण त्या दुधावर तगली, बाळसं धरू लागली.

१९७४ मध्ये डॅफ्नी मुलीच्या लग्नासाठी काही दिवस घराबाहेर गेल्या. आयशानं दूध पिणं सोडलं. बाई परतल्या तेव्हा ती अगदी खंगली होती; थोड्याच वेळात तिनं प्राण सोडला. दूध तेच होतं, निगाही चांगली होती. फक्त तिचं माणूस नव्हतं.

आज या अनाथालयात जे जे दिसतं, त्याच्या मुळाशी हा मृत्यू आहे. रखवालदार रात्री पिल्लांच्या कोठड्यांत, त्यांच्या शेजारीच झोपतात. पण रोज तोच माणूस त्याच पिल्लाजवळ नसतो. पाळ्या मुद्दाम बदलतात. अगदी लहान पिल्लाला दूध पाजताना दोरीवर ब्लँकेट टांगतात. पिल्लू त्या लोकरीवर सोंड टेकवतं, आईच्या पोटाला टेकवावी तशी, आणि मागून हात पुढे करून रखवालदार बाटली धरून राहतो. पिल्लाला ऊब हवी, स्पर्श हवा, सोबत हवी. पण ती सगळी एकाच माणसाकडून मिळता कामा नये.

हे बघताना मराठी मनाला थोडं अडखळायला होतं. ‘माझ्याशिवाय कुणाकडे झोपतच नाही गं’ असं नातवाबद्दल सांगताना आजीच्या आवाजात केवढा अभिमान असतो! इथे तोच अभिमान जिवावर बेतू शकतो. रात्रभर जागायचं, दर तीन तासांनी उठायचं, जुलाब लागले तर उशाशी बसून राहायचं, आणि तरीही त्या जिवानं आपल्यावाचून अडून बसू नये, अशी तजवीज करायची. आईपणात याहून अवघड काही असेल असं वाटत नाही.

तीनेक वर्षांची झाली, की बहुतेक पिल्लांना त्सावोच्या जंगलात, वोई किंवा इथुंबाच्या केंद्रावर नेतात. तिथे दिवसा रान, रात्री कुंपणाचा आसरा. रानटी कळपांशी ओळख होते, एखादं मुक्कामाला परत येत नाही, मग आठवडाभर येत नाही. हे कधी घडायचं ते हत्तीच ठरवतो. त्याला वर्षानुवर्षं लागू शकतात. कायमच्या रानात गेलेल्या कितीतरी हत्तिणी पुढे स्वतः आई झाल्या. त्यांतल्या काही नवजात पिल्लू घेऊन जुन्या रखवालदारांपाशी येतात, त्याला जवळ जाऊ देतात आणि पुन्हा आपल्या वाटेनं जातात.

पाहुण्यांना इथलं पिल्लू नावापुरतं दत्तक घेता येतं. पैसे भरायचे, दर महिन्याला त्याची खबर वाचायची. ते आपल्याला ओळखेल का, हा प्रश्न मनात येतोच. ओळखणार नाही, आणि ओळखावं म्हणून झटण्याची गरजही नाही. पैसे लागतात ते दुधाला, औषधाला आणि त्याच्या शेजारी झोपणाऱ्या माणसाच्या पगाराला.