बियाणं, मीठ आणि अंडं

रोहिणी सरत आली की आमच्या नागभीड तालुक्यात धानाच्या बियाण्याची उस्तवार सुरू होते. याच तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. 1983 साली त्यांना आपल्या बांधीत वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या जपून त्यांनी जो वाण निवडला, त्याला एचएमटी घड्याळाचं नाव मिळालं. त्यामुळे घरचं बियाणं निवडण्याचं महत्त्व इथे कुणाला पटवून द्यावं लागत नाही.

सुपानं पाखडून काडीकचरा जातो. पण वरून टपोरा आणि आतून अर्धाच भरलेला दाणा सुपाला बरोबर फसवतो. त्याला धरायचं तर मिठाचं पाणी हवं. प्रमाण सोपं आहे: 10 लिटर पाण्याला 300 ग्रॅम मीठ. घमेल्यात मीठ विरघळवत बसले होते, तर आजी म्हणाली, "मीठ कायले टाकतेस वं? बियाण्याचं लोणचं घालतेस का?"

बियाणं ओतलं की आधी बराचसा दाणा वरच दिसतो. धानाच्या टरफलावर बारीक लव असते. तिच्यात हवेचे बुडबुडे अडकतात आणि चांगल्या दाण्यालाही बुडू देत नाहीत. हातानं खसखसून ढवळलं की ते सुटतात, भरलेला दाणा तळाशी बसतो आणि पोचट वर राहतं. वरचा एक दाणा नखानं फोडला. आत तांदूळ होता, पण सुरकुतलेला. टरफल आणि त्याच्या मधली जागा रिकामी. त्या जागेतल्या हवेच्या जोरावर तो तरंगत होता.

आजीला खरं नवल वाटलं ते पुढे. साध्या पाण्यात बुडालेले काही दाणे मिठाच्या पाण्यात वर आले. दाणा जेवढी जागा घेतो, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका रेटा त्याला खालून मिळतो. मिठाचं पाणी लिटरमागे साधारण 20 ग्रॅमनं जड, म्हणून रेटाही तेवढा जास्त. काठावरचे दाणे तेवढ्यातच उघडे पडतात. (समुद्राच्या पाण्यात सुमारे 3.5 टक्के क्षार असतात. म्हणजे आमच्या घमेल्यात जवळजवळ अरबी समुद्रच होता!)

चंद्रपूरकडच्या कोळसापट्ट्यातही हीच युक्ती चालते. कोळसा साध्या पाण्यात बुडतो. म्हणून काही कोल वॉशऱ्यांत पाण्यात मॅग्नेटाइटची भुकटी मिसळून ते इतकं जड करतात की कोळसा वर येतो आणि दगड खाली जातो.

शेजारच्या काकाजींनी ऐकलं होतं की अंडं तरंगेपर्यंत मीठ घालायचं. दक्षिणेकडे तशी रीत आहे खरी. ते अंडं घेऊनच आले. आमच्या पाण्यात ते सरळ तळाला गेलं. ताजं अंडं तरंगायला 10 टक्क्यांच्या आसपास मीठ लागतं. मुठीमागून मूठ मीठ पडलं तेव्हा कुठे ते डोकं काढून वर आलं. पण सोबत आधी बुडालेलं बरंच धानही आलं. त्यातले दाणे फोडून पाहिले तर चांगले भरलेले निघाले. ज्याच्याकडे बियाणं उदंड, त्यानं अंड्याची कसोटी लावावी. मोजकं असेल तर 300 ग्रॅमचं मापच बरं, असं माझं मत झालं.

बुडालेलं बियाणं साध्या पाण्यानं दोन-तीनदा धुतलं, नाहीतर मीठ उगवणीला बाधतं. मग सावलीत पसरलं. पोचट कोंबड्यांपुढे टाकायचं होतं, पण आईनं तेही आधी धुवायला लावलं. काकाजींनी अंडं पुसून खिशात घातलं आणि एवढ्या मिठाचे पैसे कोण देणार, असं विचारत घरी गेले.