तळ्याला दोन तोंडं

"काकू, तळ्याला दोन तोंडं नसतात हो."

बारा-तेरा जणांसमोर, प्रोजेक्टरवर माझा नकाशा भिंतभर मोठा करून, तो मुलगा हे बोलला. दोन वर्षं होत आली. अजूनही भाजी निवडताना मी त्याला उत्तर देते. दर वेळी नवं, आणि दर वेळी आधीच्यापेक्षा चांगलं.

मी कात्रजला राहते, संतोषनगरच्या बाजूला. पतपेढीत काउंटरवर बसते. फोन कानाला लागला की हात आपोआप स्लिपच्या पाठीवर गिरगोट्या मारायला लागतो, ही जुनी खोड. माझा मुलगा आणि त्याचे मित्र शनिवारी रात्री आमच्या हॉलमध्ये फासे घेऊन तो राज्यांचा, राक्षसांचा खेळ खेळतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यात शिरतात आणि माझ्या फ्रिजमधलं सगळं संपवतात. त्यांना एक राज्य हवं होतं. "आई, तू नाहीतरी गिरगटतच असतेस, एक नकाशा काढून दे." सुरुवात एवढीच.

पहिला समुद्रकिनारा मी तांदळाने काढला. ही युक्ती नकाशे काढणाऱ्यांत सगळीकडे चालते: कागदावर मूठभर दाणे सांडायचे, हाताने थोडे पसरायचे आणि कडेकडेने पेन्सिल फिरवायची. आपण ठरवून काढलेला किनारा नेहमी बटाट्यासारखा गोल होतो, दाण्यांचा होत नाही. माझा अनुभव सांगते. बासमती घेऊ नका, किनारा करवतीसारखा दातेरी होतो. इंद्रायणीची कणी घ्या, खाड्या फार सुरेख पडतात. सासूबाई दारात उभं राहून बघत होत्या. "हे निवडणं चाललंय की सांडणं?" संध्याकाळी त्याच कणीचा गुरगुट्या भात झाला.

मग पेन टॅब्लेट आली. भारती विद्यापीठाच्या मागे राहणाऱ्या एका विद्यार्थ्याकडून, जुनी, पडदा नसलेली. म्हणजे हात टेबलावर चालतो आणि रेघ समोर मॉनिटरवर उमटते. आरशात बघून पाठीमागची वेणी घालण्यातला प्रकार. पहिले तीन आठवडे मला सरळ नदी काढता आली नाही. एका अर्थी ते बरंच, नद्या सरळ नसतातच. क्रिटा नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घेतलं. त्यात थरथरत्या हाताची रेघ सावरून घेणारी सोय आहे. ती मी लावली आणि चार दिवसांत काढून टाकली, कारण सगळ्या नद्या एकाच माणसाच्या सहीसारख्या दिसायला लागल्या. रोज रात्री भांडी झाल्यावर एक पान डोंगर, एक पान झाडं. अनडूची सवय अशी लागली की पतपेढीत स्लिपवर रेघ चुकली की डावा हात टेबलावर बटण शोधायचा.

डोंगरांचं तर मला हसूच येतं. शिकवणारे सगळे व्हिडिओ टोकदार त्रिकोण काढायला सांगतात, वर बर्फाची टोपी. मी चार महिने बर्फ काढला. एका संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला गेले आणि सिंहगडाकडे जाणारी रांग समोर होती. माथा सपाट, खाली सरळ कडा, मग उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले, त्या थरांच्या या पायऱ्या. हे मी दहावीच्या भूगोलात मार्कांसाठी पाठ केलेलं, पण तीस वर्षं खिडकीतून दिसत असूनही हातात कधी उतरलं नव्हतं. त्या रात्री सगळी हिमशिखरं पुसली. आडव्या रेघा मारून टेबलासारखे डोंगर काढले. खिंड काढली, सडा काढला, डोह काढला. पोरांच्या नकाशांत जिकडेतिकडे कॅसल आणि टॅव्हर्न असतात. अरे, घाट चढून आलेल्या माणसाला आधी पाणवठा लागतो.

तर तो क्लास, नकाशे काढायला शिकवणारा. चार रविवार, शहरातल्या एका नावाजलेल्या ठिकाणी. बाकी सगळी कॉलेजची मुलं. शिकवणारा माझ्या भाच्याच्या वयाचा. बाकीच्यांना अरे-तुरे आणि मला काकू. त्यात वाईट काही नाही, मी काकूच आहे. पण "काकू" म्हटलं की पुढचं वाक्य आपोआप हळू आणि सोपं होतं, हे त्याच्या लक्षात येत नव्हतं. शेवटच्या रविवारी प्रत्येकाचा नकाशा पडद्यावर. जे चांगले, ते बाहेरच्या पॅसेजमध्ये लागणार. माझ्या राज्यात मध्यभागी तळं होतं. त्यातून एक नदी उत्तरेला जात होती, दुसरी पूर्वेला राजधानीकडे. त्याने ते बघितलं आणि ते वाक्य बोलला. मग म्हणाला, "पाणी सगळ्यात खालची वाट धरतं. नद्या एकमेकींना मिळतात, फुटत नाहीत. हे बेसिक आहे." आणि पेन उचलून दोन्ही तोंडांभोवती लाल गोल काढला. माझ्याच फाइलवर, माझ्याच नदीच्या लेअरवर. नवा लेअर घ्यायची तसदीसुद्धा नाही! पहिल्या रविवारी यानेच सांगितलं होतं, दुसऱ्याच्या रेघेवर कधी थेट काढू नका.

एक प्रश्न विचारला असता. "काकू, ही दुसरी नदी कशी?" एवढंच. तो पुढच्या नकाशाकडे गेला. पॅसेजमध्ये माझा सोडून सगळे लागले. एकात वाळवंटाला लागून बर्फ होता. पण त्यात ड्रॅगन फार देखणा होता, तेव्हा चालून गेलं. लिफ्टमध्ये एक मुलगी मला उगाच सॉरी म्हणाली. त्यामुळे जास्तच लागलं.

स्वारगेटहून कात्रजच्या बसमध्ये बसले. पद्मावतीच्या आसपास मला उत्तर सुचलं, आणि मी उभीच राहिले. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, उतरायचंय का?"

ज्या गावात मी राहते त्याच्या तळ्याला दोन तोंडं होती! आंबील ओढा अडवून 1750च्या सुमारास, नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजचं तळं बांधलं. भरलं की जादा पाणी ओढ्यानेच खाली जायचं, ते एक तोंड. दुसरं तोंड जमिनीखाली. दगडी बांधणीचा नळ, आत माणूस चालू शकेल एवढा, कात्रजपासून थेट शनिवारवाड्यापर्यंत, वाटेत पेठांमधल्या हौदांना पाणी देत. ना पंप, ना मोट, नुसता उतार. मध्ये मध्ये उच्छ्वास बांधलेले, म्हणजे नळाला हवा मिळायला आणि आत उतरून गाळ काढायला विहिरीसारखी तोंडं. खुद्द आंबील ओढासुद्धा पेशवाईत पर्वतीजवळ वळवलेला आहे. आधी तो शहरातून जायचा. 25 सप्टेंबर 2019च्या रात्री तोच ओढा अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनीत शिरला आणि माणसं गेली. आमच्याकडे त्या रात्री वीज नव्हती, फक्त पाण्याचा आवाज होता. आणि हा मला सांगतो, पाणी कसं जातं!

मुलाने आणखी एक शोधून दिलं. दक्षिण अमेरिकेत ओरिनोको नदीला मध्येच फाटा फुटतो, कासिकियारे नावाचा, आणि तो रिओ नेग्रोतून अ‍ॅमेझॉनला जाऊन मिळतो. हुम्बोल्ट 1800 साली होडीतून ते बघून आला. मी त्याचं प्रिंटआउट काढून दोन महिने पर्समध्ये ठेवलं होतं. क्लासच्या वाटेला मात्र गेले नाही.

राग थोडा निवल्यावर फाइल उघडली. लाल गोल तसाच होता. नदीचा लेअर मोठा केला आणि बराच वेळ बघत बसले. माझी दुसरी नदी तळ्यातून निघून दोन डोंगरांमधली खिंड चढून पलीकडे जात होती. चढून! कारण उताराच्या बाजूला मला राजधानीचं नाव मोठ्या अक्षरात लिहायचं होतं आणि जागा हवी होती. कात्रज, पेशवे, नळ यातलं काहीही तेव्हा माझ्या डोक्यात नव्हतं. त्याने विचारलं असतं तर मला उत्तर आलं नसतं. म्हणजे तो बरोबर होता. लाल गोल तरीही चुकीचा होता.

नकाशा पुन्हा काढायला घेतला. स्टीव्हन्सनने 'ट्रेझर आयलंड' 1881 साली आधी नकाशा रंगवून मग लिहायला घेतली, आणि प्रकाशकाकडे पाठवलेला तो नकाशाच वाटेत हरवला. मग पुस्तक चाळून, त्यातल्या वर्णनांवरून, वडिलांच्या ऑफिसात त्याने दुसरा तयार केला. तो त्याला कधीच आपला वाटला नाही. माझंही तसंच झालं असतं, म्हणून जुन्यावरच काम केलं. खिंडीतली नदी पुसली. त्या वाटेवर, उतार बघून बघून, सतरा छोटे गोल काढले. शनिवारी पोरांनी विचारलं, हे काय? म्हटलं, उच्छ्वास. शोधा. तीन तास त्यांचं राज्य त्या गोलांत उतरलं होतं आणि एक जण आत अडकून मेला.

आता मी खऱ्याचा नकाशा काढतेय. कात्रज, धनकवडी, पद्मावती, पुढे पेठांपर्यंत. रविवारी वही घेऊन हिंडते, रात्री टॅब्लेटवर उतरवते. हे उच्छ्वास कुठे वाड्याच्या मागे, कुठे पार्किंगच्या कडेला असतात, आणि बऱ्याच जणांना ती बुजलेली विहीर वाटते. तुमच्या आवारात असा दगडी चौथरा असेल, तर त्यावर फरशी टाकायच्या आधी मला एकदा बघू द्या. पाच मिनिटं लागतील. चहा नको.