सूर्यनारायणाचा बंब

आंघोळ ही माणसाची खासगी बाब, तीत सरकारने डोकावू नये, असा आपला एक रिवाज. पण इस्रायलने १९८० सालीच कायदा करून टाकला, की नवे घर बांधाल तर छपरावर सौर बंब हवाच. कोकणातून तिकडे गेलेल्या आमच्या बेने इस्रायली मंडळींना त्यात फारसे नवल वाटले नसावे. अंगणातल्या उन्हात पाणी ठेवून पोरांना न्हाऊ घालायचे शास्त्र आपल्या आज्यांना कोणत्या लोकसभेने शिकवले होते? पुढे २००० पासून बार्सिलोनानेही मोठ्या नव्या इमारतींना फर्मावले, की निदान ६० टक्के गरम पाणी सूर्याकडून घ्या.

आपणही मागे नव्हतो. आपल्या २००७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत कलम होते, की हॉटेले, इस्पितळे यांत मध्यवर्ती गरम पाण्याची सोय असेल, तर तिच्या क्षमतेचा एक पंचमांश भाग सूर्याचा असावा. म्हणजे पाच तांब्यांतला एक सूर्यनारायणाचा. उरलेल्या चारांचे ज्याचे त्याने बघावे!

यंत्र तसे गरीब स्वभावाचे. काळ्या पत्र्यावर ऊन पडते, नळ्यांतले पाणी तापते, हलके होते आणि आपण होऊन वरच्या टाकीत चढते. पंप नको, बटण नको. सरकारी इमारतीत वशिल्याशिवाय वर चढणारी एवढी एकच वस्तू असेल.

अडचण आहे ती कायद्याची. तो गच्चीपर्यंत चढतो, पण खाली उतरत नाही. २०१८ च्या थंडीत आई एका इस्पितळात होती. गच्चीवर सौर बंबांची रांग झळकत होती आणि वॉर्डातल्या नळाला बर्फ! मी आयाबाईंना म्हटले, "मावशी, गरम पाणी कधी येतं हो?"

"दादा, ते तपासणीला आलेले साहेब वर जाऊन बंब मोजून गेले. पाणी कुणी मोजलं?"

एवढे बोलून त्यांनी स्वतःच्या चहाच्या शेगडीवर पातेले चढवले आणि आईचे अंग पुसून दिले.

तेव्हा कायद्याला माझी एकच दुरुस्ती आहे. तपासनिसाने गच्चीवर जाऊच नये. पौषातल्या पहाटे पाच वाजता यावे, शेवटच्या खाटेजवळचा नळ सोडावा आणि त्याखाली हात धरावा. हात मागे घेतला नाही, तरच सही करावी.